माझा नसलेला टाका

मुलीचा बालवाडीतला प्रवेश पक्का झाला तेव्हा शाळेने आधी हातात दिला तो मापांचा कागद. पुस्तकांसाठी एक पिशवी, तीस सेंटिमीटर उंच आणि चाळीस रुंद, आतून अस्तर. वर्गात घालायच्या बुटांची एक. पेल्यासाठी नाडीची एक छोटी. बंद किती लांब हवेत तेही लिहिलेलं. आणि शेवटच्या ओळीत, अगदी मऊ भाषेत, की शक्य असेल तर हे सगळं घरी हाताने शिवावं, म्हणजे मुलाला शाळेत आईची सोबत वाटते. जपानीत 'शक्य असेल तर' म्हणजे काय ते इथे सहा महिने काढलेल्या माणसालाही कळतं, आणि आम्हाला तर जपानमध्ये, निशी-कसाईत येऊन चार वर्षं झाली होती.

मला शिवता येत नाही. येत नाही म्हणजे बटणसुद्धा धड लागत नाही. हे सांगायची लाज अशासाठी की माझी आई पुण्यात गेली पस्तीस वर्षं घरी ब्लाऊज शिवते आणि आमच्या भागातल्या निम्म्या बायकांची मापं तिला तोंडपाठ आहेत. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला धावदोरा, उलटी टीप, काज असे नमुने करून वहीत चिकटवायचे असत. मला सुई टोचली की मी चिडून कापड भिरकावून द्यायची. मग ते आई पूर्ण करायची. मला पैकीच्या पैकी गुण मिळाले. बाईंनी माझी वही दुसऱ्या तुकडीला दाखवायला नेली तेव्हा मी मान ताठ करून बसले होते. आई एवढंच म्हणाली होती, "समोर बसवून शिवायला लावलं ना कधी, तर पितळ उघडं पडेल हो." बाईंनी कधी समोर बसवलं नाही.

तर बालवाडीचा कागद आल्यावर मी सवयीने आईलाच फोन केला. ती इतकी खूश झाली की मापं दोनदा लिहून घेतली आणि तिसऱ्यांदा वाचून दाखवली. महिन्याभरात पार्सल आलं. तिन्ही पिशव्या खणाच्या. पोपटी हिरवा रंग, लाल काठ, आतून मऊ सुती अस्तर, आणि मोठीवर एका कोपऱ्यात दोऱ्याने भरलेली मैना. माप एका सूतानेही इकडेतिकडे नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून आईने भरतकाम सोडलं होतं. ही मैना तिने माझ्या मुलीसाठी भरली होती.

मुलीने ती हिरवी पिशवी गळ्यात अडकवली ती काढेचना. पिशवी घेऊन जेवली, पिशवीसकट दुपारी झोपली. मी मात्र त्या पिशवीकडे बघून आतल्या आत आक्रसत होते. शाळेच्या सरावाच्या दिवशी मी बाकीच्या आयांच्या पिशव्या बघून आले होते. फिकट तपकिरी, राखाडी, धुवट निळा. फार तर एखादा ससा, एखादी स्ट्रॉबेरी. सगळ्या एका रांगेत खुंटीला टांगलेल्या. त्या रांगेत हा पोपटी खण मला डोळ्यांपुढे दिसायला लागला. आमच्याकडे 'उठून दिसतं' ही कापडाची तारीफ असते. इथे मी चार वर्षं एवढंच शिकले होते की उठून दिसायचं नाही. वर्गात ती एकटीच भारतीय होती. तिला कुणी काही म्हणेल या भीतीने मी पुढचं सगळं केलं, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. खरं तर मला कुणी काही म्हणू नये अशी माझी इच्छा होती.

आता जुन्या वस्तूंच्या दुकानांबद्दल सांगायला हवं, कारण माझं पाप तिथलं आहे. निशी-कसाईत आल्यावर पहिल्या थंडीत एका शेजारणीने मला स्टेशनच्या पलीकडचं एक रिसायकल शॉप दाखवलं आणि मी त्याच्या नादीच लागले. लोकरीचे कोट, लिनेनचे सदरे, कुणाच्या तरी आजीचे हाताने विणलेले स्वेटर, सगळं धुऊन, इस्त्री करून, नव्यासारखं. माझं अर्धं कपाट तिथलं आहे. मैत्रिणींना ते मी मिरवून सांगायची. आईला मात्र कधी सांगितलं नाही. आमच्या घरी जुने कपडे दारावर येणाऱ्या बोहारणीला देऊन पातेलं घ्यायची रीत. जुनं द्यायचं असतं, घ्यायचं नसतं. कुणाचं असेल, कसं असेल, काय ठाऊक, हे आईचं ठरलेलं वाक्य. त्यामुळे व्हिडिओवर तिने कोटाचं कौतुक केलं की मी म्हणायची, "सेलमध्ये मिळाला गं."

त्याच दुकानात लहान मुलांच्या कपाटापाशी मला ती पिशवी सापडली. फिकट तपकिरी, त्यावर बारीक पांढरी फुलं, आतून निळ्या रेघांचं अस्तर. बरोबर तीस बाय चाळीस. कुणीतरी हाताने शिवलेली, कारण बंदाच्या मुळाशी केलेली उलटी टीप यंत्राची नव्हती. सोबत बुटांची आणि पेल्याचीही, त्याच कापडातली. आतल्या बाजूला, कोपऱ्यात, एका मुलीचं नाव निळ्या दोऱ्याने भरलेलं होतं. तीन अक्षरांचं, जरा डावीकडे झुकलेलं.

घरी आल्यावर मुलगी झोपलेली बघून मी ते नाव उसवलं. शिवायला हात चालत नाहीत, पण उसवायला बरोबर चालले. दोरा निघाला, भोकं राहिली. इस्त्री फिरवली तरी बारीक भोकं दिसत होती, पण ती आतल्या बाजूला होती, कोण बघणार.

खरी अडचण मुलीची होती. ती हिरवी पिशवी सोडायला तयार नव्हती. मी म्हटलं ती पाहुण्यांकडे न्यायची आहे. ऐकेना. मळेल म्हटलं, तरी ऐकेना. शेवटी माझं डोकं फिरलं आणि मी म्हणून गेले, "आणि ही मी शिवलीय तुझ्यासाठी. माझ्या हाताने. ती नको का तुला?"

तिने हिरवी पिशवी गळ्यातून काढली आणि माझ्या हातात दिली. तपकिरी घेतली, फुलांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "ममाने? सगळी?"

"सगळी," मी म्हटलं. खोटं बोलावं पण रेटून बोलावं.

नवरा लॅपटॉपवरून मान वर करून माझ्याकडे बघत होता. ती आत गेल्यावर म्हणाला, "यू डिडन्ट हॅव टू से दॅट. विकत आणली म्हटलं असतंस तरी चाललं असतं." मी त्याला म्हटलं तू तुझं ऑफिसचं स्प्रिंट प्लॅनिंग कर. हा माणूस फार बोलत नाही, आणि बोलतो तेव्हा बरोबर असतो, हे मला सहन होत नाही.

प्रवेशाच्या दिवशी चेरीचा बहर निम्मा ओसरला होता. शाळेच्या वाटेवर पाकळ्या पडलेल्या होत्या. फाटकाच्या थोडं आधी, कुणी ओळखीचं नाही असं बघून, मी मुलीला एका झाडाखाली उभं केलं, हिरवी पिशवी खांद्याला अडकवली आणि फोटो काढला. मग पिशवी घडी करून माझ्या पर्समध्ये टाकली आणि तपकिरी तिच्या हातात दिली. ती माझ्या पर्सच्या चेनकडे बघत राहिली. साडेतीन वर्षांच्या पोरीला मी त्या दिवशी काय शिकवलं याचा विचार मी तेव्हा केला नाही. आता करते.

फोटो आईला पाठवला. तिने तो मोठा करून घेतला, चौकटीत बसवला आणि मशीनच्या वर टांगला. ब्लाऊज टाकायला येणाऱ्या प्रत्येक बाईला ती सांगायची की नात माझी पिशवी घेऊन जपानच्या शाळेत जाते. हे मला बहिणीने सांगितलं. त्यानंतर दर रविवारी आई विचारायची, "पिशवी टिकतेय ना गं? बंद ढिले पडले तर सांग." मी सांगायची, टिकतेय.

पुढच्या वर्षी वसंतात आई तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आली. ती यायच्या आदल्या आठवड्यात मी हिरव्या पिशव्या भिंतीतल्या कपाटातून काढल्या, मुद्दाम चुरगळल्या, ओल्या फडक्याने बंद मळवायचाही प्रयत्न केला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. मग मुलीला काय सांगायचं ते सुचेना, तेव्हा पुन्हा घडी करून गाद्यांच्या मागे ठेवून दिल्या. वाटलं, पिशव्या तर तिथेच खुंटीला असतात, आई बालवाडीत थोडीच जाणार आहे.

पहिले दोन दिवस आईने काही विचारलं नाही. ती बाल्कनीत बसून समोरच्या इमारतीतली वाळत घातलेली अंथरुणं मोजायची आणि इथे कुठल्या वारी कुठला कचरा टाकायचा यावर माझी उलटतपासणी घ्यायची. तिसऱ्या दिवशी दुपारी मुलगी शाळेतून आली, बूट भिरकावले आणि पिशवी थेट आजीच्या मांडीवर टाकली. एक कोपरा फाटला होता. घसरगुंडीवर अडकला होता म्हणे.

"आजी, हे बघ, यबुकेचत्ता," फाटलं म्हणून मुलगी जपानीतच रडवेली झाली. "ही ममाने केलीय. हाताने. सगळी."

मी ओट्यापाशी भेंडी चिरत होते. सुरी थांबली. आईने पिशवी उचलली, आणि कापड हातात आलं की ती जे करते तेच केलं. उलटी केली. शिवण बघितली, अस्तराला बोट लावलं, बंदाच्या मुळाशी अंगठा फिरवला. मग तिचा अंगठा कोपऱ्यात गेला आणि त्या भोकांवर थांबला. तीन अक्षरं, डावीकडे झुकलेली. तिला जपानी वाचता येत नाही, पण तिथे नाव होतं आणि ते उसवलंय हे तिला वाचता आलं. तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं.

मग ती नातीला म्हणाली, "हो तर. दिसतंयच की. तुझ्या आईचा टाका मी कुठेही ओळखीन."

मुलगी खूश होऊन हात धुवायला पळाली. मी भेंडीकडे बघत उभी राहिले. आई काहीतरी म्हणेल म्हणून थांबले. ती म्हणाली, "कोपऱ्याला ठिगळ लावायला लागेल. सुई-दोरा आहे का घरात, की तोही नाही?"

दुसऱ्या दिवशी मी माझ्या बाईतोला, म्हणजे मुलांना इंग्रजी शिकवायच्या अर्ध्या दिवसाच्या कामाला गेले होते. परत आले तर कोपरा दुरुस्त झाला होता, आणि आतल्या बाजूला त्या भोकांवर पोपटी खणाचा एक चौकोन बसवला होता. त्यावर लाल दोऱ्याने माझ्या मुलीचं नाव, देवनागरीत. बाहेरूनही कोपऱ्याला खणाचं एक ठिगळ होतं. तपकिरी पिशवीवर ते डोळ्यांत भरत होतं. खण कुठून आणला ते मी विचारलं नाही. आईच्या सामानात चार तुकडे असायचेच.

मला वाटलं आता शाळेत काय होईल. काय व्हायचं? फाटकापाशी शिक्षिकेने खाली वाकून ठिगळ बघितलं आणि आजीने केलं का असं विचारलं. दोन आयांनी हात लावून बघितला. एकीने तर हे कापड कुठे मिळतं म्हणून फोनमध्ये लिहून घेतलं. ज्या रांगेची मला वर्षभर भीती वाटत होती तिथे ते ठिगळ टांगलं गेलं आणि कुणाचं काही बिघडलं नाही. त्या दिवशी घरी येताना मला स्वतःची इतकी चीड आली की मुलगी मागे राहिलीय हेही लक्षात आलं नाही.

आई पुण्याला परत जाईपर्यंत त्या विषयावर एक शब्द झाला नाही. मी दोनदा तोंड उघडलं. एकदा विमानतळावरसुद्धा. ती म्हणाली, "भेंडीला इतकं तेल घालू नकोस." मग रांग पुढे सरकली. माझा लोकरीचा कोट मात्र तिने निघायच्या आदल्या दिवशी कपाटातून काढून बघितला, आणि म्हणाली, "जुनं आहे का हे? बरंय की. बाळालाही पहिलं झबलं जुन्याचंच घालतात." म्हणजे तेही तिला ठाऊक होतं.

ती गेल्यावर आठवड्याने गाद्या उन्हात घालायला काढल्या, तेव्हा हिरवी पिशवी हाताला लागली. मोठी, मैनेची. तिच्या बरोबर मधोमध एक चौकोन कापून काढलेला होता, अस्तरासकट, आरपार. आईने स्वतःची पिशवी कापून त्या दुसऱ्या पिशवीला ठिगळ लावलं होतं. आणि भोकाच्या चारी कडा आत दुमडून, बारीक टाके घालून शिवलेल्या होत्या, की दोरे सुटू नयेत. मैनेला धक्का लागला नव्हता. मी ती पिशवी घेऊन खाली बसले.

यंदा मुलगी पहिलीत गेली. मोठ्या शाळेचाही कागद आला, मापं बदललेली. मी पुन्हा आईला फोन केला. या वेळी तिने शिवलेलीच पिशवी शाळेत पाठवायची असं ठरवलं होतं. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी पोरीला सांगून बसलेय ना, तुझा टाका ओळखते म्हणून? आता घालून दाखव." आणि फोन ठेवला.

म्हणून वसंताच्या सुट्टीत मी शिवायला बसले. रोज दुपारी, मुलगी खेळायला गेली की. निळं जाड कापड आणलं. मशीन नाही, हातानेच. आई साडेतीनला, म्हणजे तिच्या बारा वाजता, फोन लावून मशीनच्या पेटीला टेकवून ठेवायची आणि आपलं काम करता करता मला ओरडायची. उसव, वाकडं गेलं. दोरा इतका लांब घेऊ नकोस. पुन्हा उसव. मी दोनदा कापड भिरकावलं, ते तिने बघितलं. या वेळी तिने ते पूर्ण केलं नाही. करणार कशी, समुद्रापलीकडून. दहा दिवसांनी पिशवी झाली. एक बंद दुसऱ्यापेक्षा दोन बोटं लांब, तळाची शिवण लाटेसारखी वरखाली. पण माझी. मला तिच्यावरून हात फिरवावासा वाटत होता.

मुलगी आत आली, फोनवर आजी दिसली म्हणून तिला हात केला. मी नवी पिशवी तिच्यासमोर धरली. तिने ती घेतली, उलटी केली. हे ती आजीकडून शिकलीय. शिवण बघितली. मग जाऊन जुनी तपकिरी पिशवी घेऊन आली आणि दोन्ही शेजारी ठेवल्या.

"ही ममाने नाही केली," ती म्हणाली. "ममाची अशी नसते. ममाची सरळ असते."

मी फोनकडे पाहिलं. आई पलीकडे बसली होती. तिला सगळं ऐकू गेलं होतं. मी थांबले. तिने चष्मा काढला, पदराने पुसला, आणि पुसतच राहिली. या वेळी ती माझ्यासाठी बोलणार नव्हती.

"हीच मी केलीय," मी म्हटलं. "ती नव्हती केली. ती मी दुकानातून आणली. जुन्या वस्तूंच्या. ती दुसऱ्या एका मुलीच्या आईने शिवलेली आहे. मी तुला खोटं सांगितलं होतं."

तिने माझ्याकडे बघितलं. सहा वर्षांच्या मुलीला अशा वेळी रडू येतं असं मला वाटत होतं. ती रडली नाही. तपकिरी पिशवीच्या आत हात घालून तिने खणाच्या चौकोनाखाली नख घातलं, आणि हळूच विचारलं, "मग त्या मुलीचं नाव यात आहे?"

"होतं. मी काढलं."

तिने चौकोनावरून बोट फिरवलं. म्हणाली, "मग आजीची हिरवी कुठाय? झाडाखालची?"

तिच्या लक्षात होती. तीन वर्षं, ते झाड, माझ्या पर्सची चेन, सगळं. मी उठले, गाद्यांच्या मागून ती काढून आणली आणि तिच्या हातात दिली. तिने मैना बघितली, भोक बघितलं, तपकिरी पिशवीवरचं ठिगळ बघितलं आणि तो चौकोन कुठून आला ते तिला कळलं. तिने त्या भोकातून हात आरपार घातला आणि फोनसमोर नेऊन हलवला. पलीकडे आई हसली, आणि तिनेही हात हलवला. दोघी कितीतरी वेळ तशाच एकमेकींना हात करत होत्या. मला त्यात हात करायचं धाडस झालं नाही.